खिडकीतल्या बाईची गोष्ट

२८ सप्टेंबर

ताईंनी शेवटी कागद चिकटवलाच. त्यांच्या कॉफीच्या दुकानाच्या काचेला, आतल्या बाजूने, म्हणजे पाऊस आला तरी भिजायला नको. 'पानगळीतली फेरी. जुन्या गावातून रमतगमत, कॅमेरा घेऊन. शनिवारी आणि रविवारी दुपारी.' खाली माझं नाव, आणि नावाच्या आधी 'अनुभवी छायाचित्रकार'.

मी म्हटलं, "ताई, मी जन्मभर लोकांना 'हनुवटी जरा खाली, डोळे मिटू नका' एवढंच सांगत आले. पासपोर्टचे फोटो काढणारीला कोणी छायाचित्रकार म्हणतं का?"

"स्टुडिओ बंद पडल्यापासून घरात भिंतींकडे बघत बसलीयेस," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा गावाकडे बघ. लोकांनाही दाखव."

नणंद म्हणून ताईंनी मला कधी जाच केला नाही, पण एकदा मनात घेतलं की त्या कोणाचं ऐकत नाहीत. भावातही हा गुण आहेच.

ह्यांना फोन करून फेरीचं सांगितलं. 'बरं' म्हणाले. पुलाच्या साइटवर रेंज नसते, त्यामुळे आमचं बोलणं हल्ली तुटक होतं. हिवाळ्याचे कपडे पाठवून दे म्हणाले. सगळेच. पानं गळायच्या आत काम संपवून येणार होते ना, मग सगळेच कशाला, असं विचारणार होते, पण फोन कटला.

४ ऑक्टोबर

पहिली फेरी. सगळं लिहून ठेवते, कारण मला अजून बरं वाटतंय आणि तसं वाटायला नको असंही वाटतंय.

वेशीच्या दरवाजापाशी माणसं जमली. दोघी मैत्रिणी, एक नवं जोडपं आणि एक टोपीवाले गृहस्थ, ज्यांच्या गळ्यातला कॅमेरा माझ्यापेक्षा भारी होता. ऊन तिरपं, भिंतींवर पिवळं. तटबंदीवरच्या वेली लाल झालेल्या. फोटोसाठी यापेक्षा चांगली दुपार मागूनही मिळाली नसती.

पण लोकांना उजेडाबद्दल किती सांगणार? सावली अशी घ्या, पायरीवर बसून काढा, पान हातात धरू नका, पडलेलंच काढा. पंधरा मिनिटांत माझी पोतडी रिकामी. हा दरवाजा कोणी बांधला, मैत्रिणींनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. कारंजं कधीचं? तेही नाही. तेवढ्यात छत्रीवाला आपला मोठा घोळका घेऊन शेजारून गेला. तो कित्येक वर्षं लाल छत्री उंच धरून गाव दाखवतो आणि साल-संवत घडाघडा सांगतो. टोपीवाल्यांनी त्या छत्रीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आपण चुकीच्या गाडीत बसलो.

मग आम्ही अरुंद गल्लीत वळलो. तिथे एका घराच्या पहिल्या मजल्यावर निळ्या चौकटीची खिडकी आहे. खिडकीत एक बाई बसली होती. खालच्या रस्त्याकडे बघत, अगदी स्थिर.

"ही कोण?" टोपीवाल्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात 'हेही तुम्हाला माहीत नसणारच' असं होतं.

मी म्हणाले, "हिचा नवरा कामासाठी बाहेरगावी गेला. पानं गळायच्या आत येतो म्हणाला होता. ती वाट बघते."

बस, एवढंच. जीभ नुसती सैल सुटली. पण जोडप्यातल्या मुलीने नवऱ्याचा हात धरला. टोपीवाल्यांनी टोपी काढली. मग हळूहळू सगळ्यांचे कॅमेरे वर झाले. थोड्या वेळाने बाई आत सरकली, तेही त्यांना फार आवडलं.

शेवटी सगळ्यांनी माझे हात हातात घेऊन आभार मानले. स्टुडिओत कोणी असं केलं नव्हतं. तिथे लोक स्वतःचा फोटो बघून नाक मुरडायचे.

खोटं बोलले, हे खरं. पण कोणाचं काय बिघडलं? त्या बाईला ऐकू गेलं असेल असंही नाही.

१२ ऑक्टोबर

टोपीवाल्यांनी खिडकीचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली माझी गोष्ट लिहिली. आता लोक येतात ते थेट विचारतच: ती खिडकी येईल ना वाटेत?

गोष्ट वाढत चाललीय. मी वाढवत नाही, ती आपोआप वाढते. आज मी म्हणाले, "त्याने हिवाळ्याचे सगळे कपडे मागवून घेतले. तिने घड्या घालून, इस्त्री करून पाठवले. तेव्हाच तिला कळायला हवं होतं." एका वयस्कर बाईंनी डोळे पुसले. हे मला कुठून सुचलं कोण जाणे. ऐनवेळी तोंडात आलं. बाई आज खिडकीत कानाला हात लावून बसली होती. मी म्हणाले, "पावलांची चाहूल घेते." लोक टाचा उंचावून बघायला लागले.

दुकानात ताईंना हसत हसत सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. कप पुसत होत्या.

"ही गोष्ट तू रचलीस?"

"हो. म्हणजे, रचली गेली."

"त्याच्याशी बोललीस का एवढ्यात?"

"साइटवर रेंज नसते, ताई."

त्या पुन्हा तोच कप पुसायला लागल्या. ताईंना माझं कौतुक करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाईट वाटून घेतलं नाही.

१९ ऑक्टोबर

खिडकीला पडदा लागला. जाड, राखाडी. खिडकी उघडी, पण पडदा ओढलेला. लोक हिरमुसले. एकाने खालून हाक मारली, "ओ ताई, जरा दर्शन द्या." बाकीचे हसले. मी त्याला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. उलट मनात आलं, घटकाभर बसली असती खिडकीत तर हिचं काय जाणार होतं?

हे इथे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

२५ ऑक्टोबर

घरी येऊन थेट लिहायला बसलेय.

आज दहाएक जण होते. त्यात एक बाई एकटी आली होती. माझ्याच वयाची, चष्मा, तपकिरी कोट, खांद्याला कापडी पिशवी. कॅमेरा नव्हता. मी म्हटलं, फोनवर काढलेत तरी चालेल. ती म्हणाली, "मी नुसतं बघेन."

पूर्ण वेळ ती मागे होती. तटबंदीवर सगळे नदीचे फोटो काढत होते तेव्हा ती कठड्याला टेकून डोळे मिटून उभी होती, ऊन घेत. मला वाटलं, दमलेली आहे बिचारी. बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडल्यासारखी दिसत होती. मी तिला पाणी दिलं.

गल्लीत आलो. मी नेहमीच्या जागी उभी राहिले आणि सुरू केलं. पडद्यामुळे आज गोष्टीत भर घातली होती: आता तिने आशा सोडली आणि पडदा ओढून घेतला.

कोटवाली बाई पुढे आली. "तो कुठे गेला म्हणालात?"

"पुलाच्या कामावर. दूर."

"आणि परत आलाच नाही?"

"नाही."

"का?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तिथे त्याचं दुसरं कोणीतरी असणार. माणूस उगाच सगळे कपडे मागवत नाही."

"मुलंबाळं?"

"मूल नाही. एका अर्थी बरंच झालं."

"बरंच झालं," ती म्हणाली. तिने पिशवीत हात घातला. मला वाटलं रुमाल काढते. तिने किल्ली काढली. आमच्या मधून वाट काढत ती निळ्या खिडकीखालच्या दारापाशी गेली आणि कुलूप उघडलं.

कोणाला काही कळेना. मला कळलं. मी तिला नेहमी खालून पाहिलं होतं, काचेतून, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांवर चष्मा नसायचा.

दारात उभं राहून ती माझ्याकडे वळली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

"वर माझे मिस्टर असतात," ती म्हणाली. "अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून पडून आहेत. बोलता येत नाही. पण ऐकू येतं. त्यांचा पलंग खिडकीलगतच आहे, त्यामुळे सगळं नीट ऐकू येतं. दर शनिवारी आणि रविवारी."

दार लागलं.

कोणीतरी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, तो आवाज त्या गल्लीत केवढा मोठा वाटला. मी म्हणाले, "चला, पुढे कारंजं आहे." खरंच असं म्हणाले. पाय आपोआप चालत होते आणि मी कारंज्यापाशी लोकांना सांगत होते की पाण्यात पडलेली पानं काढताना उजेड पाठीमागे ठेवा.

२६ ऑक्टोबर

फेरी रद्द केली. पोट बिघडलंय असं ताईंना सांगितलं. म्हणजे अजून एक खोटं.

२९ ऑक्टोबर

तीन दिवस दारापर्यंत जाऊन परत आले. आज घंटी वाजवली.

तिने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही, आणि म्हणण्याचं कारणही नव्हतं. मागे अरुंद जिना, जिन्याला नव्याने ठोकलेला लाकडी कठडा, कठड्यावर वाळत टाकलेल्या चादरी. औषधाचा आणि साबणाचा वास.

पाठ केलेलं सगळं विसरले. "माझं चुकलं," एवढंच बोलले.

"मी खिडकीत का बसते, माहितीये?" तिने विचारलं. "मी एका दातांच्या डॉक्टरांचे फोन घेते. घरबसल्या. पेशंटना वेळ द्यायची, नावं टिपायची. या घरात रेंज फक्त त्या खिडकीत येते. म्हणून बसते. यांच्याजवळही राहता येतं आणि कामही होतं."

कानाला लावलेला हात. पावलांची चाहूल. मला हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर.

"पडदा ओढला की रेंज जाते का?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"नाही. पण त्यांना रस्ता दिसत नाही. त्यांना तेवढंच उरलंय." मग म्हणाली, "ते बस चालवायचे. तुम्हीही बसला असाल कधी त्यांच्या बसमध्ये. शेवटच्या फेरीला म्हाताऱ्या माणसांना थांब्याच्या पुढे, अगदी घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचे, म्हणून साहेबांची बोलणी खायचे. किती उशीर झाला तरी जेवायला घरी. मी थांबायचेच. आणि तुम्ही सांगता की हा माणूस बायकोला टाकून गेला."

मी मान वर केली नाही. तिच्या सपाता दिसत होत्या. एक अंगठ्याजवळ उसवलेली.

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं मी कोणाकडे तरी तसं बोलले असेन. दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना कसं समजावायचं सांगा. त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, आणि न विचारलेल्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? मग मुलीचा फोन आला होस्टेलवरून. रडत होती. आई, बाबांबद्दल हे काय लिहिलंय म्हणून."

मुलगी आहे. 'एका अर्थी बरंच झालं' असं मी त्या बाईच्या तोंडावर म्हणाले होते.

"मी काय करू?" मी विचारलं.

"जे पसरवलंत ते गोळा करा," ती म्हणाली. वर फोन वाजला आणि ती जिना चढून गेली. दार तसंच उघडं राहिलं होतं. मी हळूच ओढून घेतलं.

२ नोव्हेंबर

गोळा होत नाही.

टोपीवाल्यांना लिहिलं की गोष्ट खोटी होती, कृपया काढून टाका. त्यांनी उत्तर दिलं की खरी नसली तरी सुंदर आहे आणि लोकांना आधार देते. कोणाला आधार देते, हे लिहिलं नाही.

आज फेरीत गल्ली टाळली. दोघांनी कुरकुर केली: खिडकी कुठाय? मी म्हणाले, ती गोष्ट मी रचली होती. त्यातला एक माझ्याकडे बघून डोळा मिचकावून म्हणाला, "बाईंना त्रास होऊ नये म्हणून म्हणताय ना? समजलं." म्हणजे खोटं एका दमात पटलं आणि खरं पटायला तयार नाही.

परत येताना छत्रीवाला दिसला. गल्लीत. निळ्या खिडकीखाली. घोळका माना वर करून उभा, आणि तो सांगतोय की नवरा गेल्यावर हिला वेड लागलं, रोज दोन पानं वाढते. मी सगळे जाईपर्यंत थांबले आणि त्याला बाजूला घेतलं.

"ती गोष्ट सांगू नका. मी बनवली होती. वर खरी माणसं राहतात."

"बाई," तो छत्री मिटत म्हणाला, "तटबंदीचं साल सांगितलं की लोक जांभया देतात. इतकी वर्षं मी जांभया बघतोय. तुम्ही आलात आणि माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे वळली. आता तुमचीच गोष्ट सांगतो तर तुम्हीच नको म्हणता?"

तो चोर असेल, पण घर मीच उघडं टाकलं होतं.

ताई म्हणाल्या, "तू त्या खिडकीचा एवढा ध्यास घेतलायस, जरा स्वतःच्या घराकडे बघ." मी म्हटलं घर अगदी स्वच्छ आहे, कालच जाळी काढली. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

८ नोव्हेंबर

काय झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी तिच्याकडे गेले. म्हटलं, जमत नाही, प्रयत्न करतेय. तिला बहुधा माझी दया आली, कारण या वेळी तिने मला वर येऊ दिलं.

लहान खोली. पलंग, खुर्ची, खिडकीत टेबल, टेबलावर फोन. भिंतीला बसच्या मार्गांचा जुना नकाशा. पलंगावर तो माणूस, रुंद खांद्यांचा, दाढी नुकती केलेली, उजवा हात एखादी वस्तू ठेवावी तसा उशीवर ठेवलेला. पडदा अर्धा उघडा होता. त्याचे डोळे माझ्यावर आले. त्याने मला ओळखलं. चेहऱ्यावरून कसं ओळखणार? मी "नमस्कार" म्हणाले, त्या आवाजावरून ओळखलं.

मी पलंगाजवळ उभी राहिले आणि त्याला म्हणाले, "भाऊ, मी तुमच्याबद्दल खोटं बोलले. तुमच्या बायकोने कधीच कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी तिला ओळखतही नव्हते. सगळं माझं होतं." त्याने ऐकलं. काहीही झालं नाही.

मग मला वाटलं, काहीतरी द्यावं. माझ्याकडे देण्यासारखं एकच आहे. त्या दोघांचा एक चांगला फोटो, मुलीला पाठवायला, तो इंटरनेटवरचा दुसरा पुसून टाकायला. तसं म्हणाले. ती म्हणाली, "मला चालेल. पण त्यांना विचारा."

मी कॅमेरा हातात घेऊन त्याला विचारलं, "काढू का?"

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग डोकं हळूहळू, अर्ध्या अंगाने जेवढं जमतं तेवढ्या कष्टाने, भिंतीकडे वळवलं.

मी लेन्सवर झाकण लावलं. पण ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या आवाजात काहीतरी वेगळंच होतं. "नाही म्हणाले," ती म्हणाली. "बघितलंत? नाही म्हणाले. आजारी पडल्यापासून सगळेच त्यांना न विचारता उचलतात, पुसतात, भरवतात. मीसुद्धा." ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवू लागली. मग हात थांबवला आणि त्याला विचारलं, "फिरवू?"

मी जायला निघाले. जिन्यात असतानाच खालून तो आवाज आला. छत्रीवाला. घोळका. "आणि ही ती खिडकी."

वरच्या खोलीत बोलणं थांबलं.

मी दार उघडून बाहेर पायरीवर आले. तो 'नवरा' या शब्दापाशी होता. मला बघून अडखळला. मी म्हणाले, "हे सगळं खोटं आहे. या घरात असं कोणी नाही." लोक माझ्याकडे बघायला लागले. त्या घराच्या दारातून बाहेर आलेली बाई, डोळे लाल, केस विस्कटलेले. पुढची मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "तीच का ग ही?" आणि तिने कॅमेरा वर केला.

ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हे दिसत होतं. कोणीतरी ती बाई असायला हवी होती, त्याशिवाय ते हलणार नव्हते.

"हो, मीच ती," मी म्हणाले. "पण मी इथे राहत नाही. मी नदीपलीकडे राहते. इथे माझे ओळखीचे राहतात, त्यांच्या घरात आजारी माणूस आहे, त्यांना त्रास देऊ नका. फोटो काढायचा तर माझा काढा."

काढले. मी तोंड फिरवलं नाही. कोणी विचारलं, तो कधी गेला. सांगितलं. कुठे? सांगितलं. शेवटचा फोन कधी आला? तेही सांगितलं, आणि काय बोलला तेही. एक बाई म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, येईल?" मी म्हणाले, "नाही." छत्रीवाल्याने छत्री खाली केली आणि घोळक्याला घेऊन गल्लीबाहेर गेला. जाताना माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

म्हणजे पुन्हा खोटंच बोलले. या वेळी निदान दुसऱ्या कोणाच्या माथी मारलं नाही, एवढं समाधान. पण घरी आल्यापासून एक गोष्ट सुचू देत नाहीये. त्या गल्लीत आजवर जे काही रचलं, ते रचताना मधेच कुठेतरी शब्द शोधायला थांबावं लागायचं. आज त्यांनी इतके प्रश्न विचारले, आणि मला एकदाही थांबावं लागलं नाही.